वळण, वेग आणि दूरमापन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा रेल्वेत उभा जन्म काढलेला हा मनुष्य इंजिनांच्या, बोगद्यांच्या, फार तर घाटांच्या आठवणी सांगेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो 'संगणकावरील मोटारशर्यतीत वळण घेण्याचे तंत्र आणि दूरमापन' असा. चिटणिसांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. आज मागच्या रांगांत तरुण मंडळी नेहमीपेक्षा अधिक दिसत आहेत, आणि पुढच्या रांगांत भुवया नेहमीपेक्षा वर गेलेल्या दिसत आहेत. दोघांचेही यथाशक्ति समाधान करण्याचा आमचा यत्न राहील.

प्रथम या खेळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मोटारीचे असते तसे स्टिअरिंग टेबलाला आवळून बसवावयाचे, पायांशी ॲक्सिलरेटर व ब्रेक यांची पेडल्स ठेवावयाची, आणि समोरच्या पडद्यावर दिसणाऱ्या शर्यतीच्या मार्गावरून गाडी हाकावयाची, यास 'सिम रेसिंग' म्हणतात. सिम हे सिम्युलेटर या शब्दाचे लघुरूप. नुसत्या करमणुकीच्या खेळाहून याचा वेगळेपणा असा की, येथे संगणक गाडीचे वजन, टायरची पकड, स्प्रिंगांचे दबणे व उसळणे यांचे गणित क्षणोक्षणी मांडीत असतो. चांगल्या आज्ञावलींत जगातील खरे मार्ग लेसर किरणांनी मोजून, त्यांच्या चढउतारांसह आणि उंचवट्यांसह उतरविलेले असतात. हातातील चाकाला आतून मोटर जोडलेली असते. टायरची पकड सुटू लागली की चाक हलके पडते, आणि ते हातांना कळते. वैमानिकांना जमिनीवरील नकली कॉकपिटात शिकवितात, तद्वत शर्यतीचे व्यावसायिक चालकही आज अशा यंत्रांवर सराव करतात. उलट दिशेनेही हा रस्ता मोकळा झाला आहे. ब्रिटनचा यान मार्डनबरो हा तरुण २०११ साली 'ग्रान तुरिस्मो' या खेळावरून घेतलेल्या स्पर्धेत विजयी झाला, आणि २०१३ साली ल मान्सच्या २४ तासांच्या खऱ्या शर्यतीत उतरला.

आमच्या घरी हे प्रकरण आले ते नातवामुळे. मुलीचा हा मुलगा पुण्यास असतो; तेथेच कॉलेजात शिकतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत तो आमच्याकडे आला तो सामानाबरोबर हे स्टिअरिंग घेऊनच. ते त्याने जेवणाच्या टेबलाला आवळले. टेबलाला पोचा पडेल म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी जुन्या सतरंजीच्या घड्या मध्ये घातल्या, आणि महिनाभर आमची जेवणे स्वयंपाकघरात पाटावर झाली. चिरंजीव दिवसचे दिवस एकाच मार्गावर फेऱ्या मारीत बसत. आम्हांस तो शुद्ध कालापव्यय वाटे.

एका संध्याकाळी मात्र आमची दृष्टी पालटली. फेऱ्या संपवून त्याने पडद्यावर काही रेघा उघडल्या. एका रेघेवर वेग, दुसरीवर ब्रेकचा दाब, तिसरीवर ॲक्सिलरेटर, चौथीवर स्टिअरिंग किती अंशांनी वळले ते. आम्ही चष्मा पुसला व खुर्ची पुढे ओढली. कारण ती वेगाची रेघ आमच्या परिचयाची होती.

आमच्या नोकरीच्या काळात इंजिनाच्या कॅबमध्ये हॅस्लर या स्विस बनावटीचे वेगनोंदणीयंत्र असे. त्यातील कागदाची पट्टी हळूहळू सरकत राही आणि सुई तिच्यावर वेगाची रेघ ओढीत जाई. गाडी मुक्कामी पोहोचली की पट्टी काढून तपासावयाची: वेगमर्यादा कोठे ओलांडली, वेळ कोठे गमावला, ब्रेक कोठे लावला. पुढे या पट्टीची जागा इलेक्ट्रॉनिक स्मृतीच्या यंत्रांनी घेतली. लोको इन्स्पेक्टर या नात्याने आम्ही अशा पट्ट्या वर्षानुवर्षे वाचल्या. म्हणून नातवाच्या पडद्यावरील ती वर जाणारी, अचानक कोसळणारी आणि पुन्हा चढणारी रेघ पाहताच आम्ही म्हणालो, "अरे, ही तर आमची पट्टी!"

तो हसून म्हणाला, "आजोबा, याला टेलिमेट्री म्हणतात."

टेलिमेट्री हा शब्द 'दूर' आणि 'माप' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून झाला आहे. दूरमापन हा मराठी प्रतिशब्द त्यास नेमका शोभतो. आपल्या अवकाश संशोधन संस्थेचे उपग्रहांचा मागोवा घेणारे केंद्र बंगळूर येथे आहे. त्याच्या नावातच हा शब्द आहे. उपग्रहाची प्रकृती तेथे दुरून मोजली जाते. फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर शेकडो संवेदक बसविलेले असतात, आणि गाडी धावत असतानाच त्यांची मापे संघाच्या अभियंत्यांकडे पोहोचतात. घरातील संगणकावर गाडीच मुळी गणिताची असल्यामुळे संवेदकांची गरज नाही. जे गणित गाडी चालविते तेच नोंदही ठेवते. नातू जी आज्ञावली वापरतो ती इटलीतील कुनोस सिमुलाझिओनी या मंडळींनी केलेली 'असेटो कॉर्सा कॉम्पेटिझिओने' ही होय. ऑस्ट्रेलियातील मोटेक ही कंपनी खऱ्या शर्यतीच्या गाड्यांसाठी नोंदणीयंत्रे करते. तिच्याच आलेख वाचण्याच्या साधनात या खेळातील नोंदी उघडता येतात. म्हणजे व्यावसायिक अभियंता जे साधन वापरतो, तेच पुण्यातील एका मुलाच्या हाती आहे. आम्हांस या गोष्टीचे फार कौतुक वाटले.

आता वळणाकडे येऊ. इटलीत मिलान शहराजवळ एका जुन्या राजोद्यानात मोंझा नावाचा शर्यतीचा मार्ग आहे. तो १९२२ साली बांधला गेला. आजच्या मार्गाची एक फेरी ५.७९३ किलोमीटरांची भरते. या फेरीतील अखेरचे वळण उजव्या हाताचे, लांबलचक आणि पुढेपुढे उघडत जाणारे असे आहे. त्याला पाराबोलिका म्हणत; २००१ साली निधन पावलेले इटालियन चालक मिकेले आल्बोरेतो यांचे नाव त्यास २०२१ साली देण्यात आले. वळण संपताच एक किलोमीटरहून लांब असा सरळ रस्ता लागतो. नातवाची सारी तपश्चर्या या एका वळणासाठी चालली होती. त्याचा एक मित्र त्याच गाडीने हे वळण आणि पुढचा सरळ रस्ता मिळून त्याच्यापेक्षा सुमारे अर्ध्या सेकंदाने लवकर पार करी. हा अर्धा सेकंद जातो कोठे, हा प्रश्न होता.

येथे थोडे पदार्थविज्ञान आवश्यक आहे. टायरची रस्त्यावरील पकड ही नोकरदाराच्या पगारासारखी आहे. रक्कम ठरलेली. ती ब्रेकवर खर्च करा, वळण्यावर करा, वा दोहोंत वाटून द्या. दोन्हीकडे पूर्ण पगार देता येत नाही. देऊ गेल्यास टायर घसरतो आणि दोन्ही खर्च बुडतात. शिवाय वळणावर वेग वाढविला की खर्च वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग शेकडा १० वाढवा, पकड शेकडा २१ अधिक लागते. म्हणूनच 'थोडासाच वेग जास्त होता' हे वाक्य मोटारशर्यतीत, आणि आमच्या रुळांवरही, फारसे कामाचे नाही.

दुसरी गोष्ट अशी की, ब्रेक दाबला म्हणजे गाडीचे वजन पुढे झुकते. पुढची चाके रस्त्यावर अधिक दाबली जातात आणि तेवढ्यापुरता त्यांचा पगार वाढतो. वळविण्याचे काम पुढच्याच चाकांकडे असल्यामुळे हुशार चालक वळणाच्या तोंडाशी ब्रेक एकदम सोडीत नाही. सरळ रस्त्यावर सारी पकड ब्रेकला द्यावयाची. चाक वळू लागले की ब्रेकचा हिस्सा थोडाथोडा कमी करीत तो वळण्याच्या खाती जमा करावयाचा. वळणाच्या आतल्या कडेला गाडी जेथे सर्वांत जवळ येते त्या बिंदूस अपेक्स म्हणतात. ब्रेकची अखेरची पै तेथवर पुरवीत न्यावयाची. या कसबाला ट्रेल ब्रेकिंग असे नाव आहे. सांगण्यास सोपे, पायाला अवघड.

हे सारे नातवाने आम्हांस समजावून सांगितले होते. तरीही प्रत्यक्ष आलेख समोर येताच आमच्यातील इन्स्पेक्टर जागा झाला. मित्राची रेघ आणि नातवाची रेघ एकावर एक ठेवली असता नातवाचा ब्रेक ८ मीटर उशिरा लागत होता, आणि वळणाच्या मध्यावर त्याचा वेग ताशी १३४ किलोमीटरांपर्यंत उतरत होता. मित्राचा १४१ च्या खाली जात नव्हता. आम्ही निकाल देऊन मोकळे झालो: "ब्रेक उशिरा लावतोस, म्हणून घाबरून अधिक लावतोस. १० मीटर आधी लाव."

त्याने आज्ञा पाळली. वेळ आणखी वाढला. आम्ही म्हणालो, "शिस्त नाही. पुन्हा कर." त्याने पुन्हा केले. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन फेरीगणिक त्याच्या चुकांची यादी करू लागलो. सुटी संपून तो पुण्यास गेला, तेव्हा चाक आणि पेडल्स आमच्याकडेच ठेवून गेला. त्याच्या वडिलांनी त्यास नवी आणून दिली होती. जाताना ठरले असे की, त्याने दर रविवारी आपल्या नोंदी पाठवाव्यात आणि आम्ही येथून त्या तपासून कळवावे. दोन रविवार त्या आल्या. तिसऱ्या रविवारी आल्या नाहीत. चौथ्या रविवारी आम्हीच फोन केला. इकडची तिकडची विचारपूस झाल्यावर तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही माझा आलेख वाचता की आरोपपत्र लिहिता?"

मंडळी, दूरच्या मुलानातवंडांशी आपले बोलणे कसे चालते हे येथे प्रत्येकास ठाऊक आहे. जेवलास का, अभ्यास कसा चालला आहे, थंडी आहे का. चार प्रश्न, चार उत्तरे, आणि फोन आजीकडे. त्या महिन्यात प्रथमच आमच्यात खरा विषय निर्माण झाला होता, आणि तो आमच्याच हातून संपुष्टात येऊ पाहत होता.

त्या रात्री आम्हांस एका जुन्या चालकाची आठवण झाली. पौष महिन्यातील गोष्ट. त्याच्या पट्टीवर एका टप्प्यात वेग नको तितका उतरला होता आणि गाडीस उशीर झाला होता. आम्ही पट्टी समोर ठेवून जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "साहब, पट्टी पर रफ्तार दिखती है, कोहरा नहीं दिखता." उत्तरेकडील धुके आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे; त्या रात्री सिग्नल दिसणे मुश्कील झाले होते. त्याचे म्हणणे आम्ही कागदावर लिहून घेतले, परंतु मनावर घेतले नाही. आमच्यापुढे रेघ होती, आणि रेघ पुरेशी आहे असे आम्ही मानीत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवणाच्या टेबलाला स्वतः चाक आवळले. सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला, पण सतरंजीच्या घड्या आणून दिल्या. वयाच्या या टप्प्यावर पहिल्या फेऱ्यांचे वर्णन न केलेले बरे; गाडी रस्त्यापेक्षा वाळूत अधिक होती. आठवड्याभरात कशीबशी एक फेरी निर्वेध पूर्ण झाली. पाराबोलिकाच्या मध्यावर आमचा वेग होता ताशी ११८. ती नोंद आम्ही पुण्यास पाठविली आणि खाली एवढेच लिहिले: 'तपासून कळवावे.'

त्याच संध्याकाळी फोन आला. आम्ही मनाशी शिक्षेची तयारी ठेवली होती. परंतु त्याने चूक म्हणून एकही गोष्ट सांगितली नाही. त्याने विचारले, "आजोबा, येथे चाक वळवायला लागलात तेव्हा तुम्ही कोठे पाहत होता?" आम्ही म्हणालो, "गाडीच्या नाकासमोर." त्याने विचारले, "आणि ब्रेकवरून पाय का उचललात?" आम्ही म्हणालो, "ब्रेकचे काम संपले आणि वळण्याचे सुरू झाले म्हणून. एका वेळी एक काम करावे, अशी आमची सवय."

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग तो म्हणाला, "थांबा हं," आणि त्याने आपली स्वतःची जुनी नोंद उघडली. आमच्या ब्रेकची रेघ वळणाच्या तोंडाशी कड्यावरून कोसळावी तशी सरळ खाली आली होती. त्याचीही तशीच. मित्राची मात्र घाट उतरावा तशी हळूहळू उतरत अपेक्सपर्यंत गेली होती. दोष लागण्याच्या जागी नव्हताच. तो सोडण्याच्या रीतीत होता. पाय एकदम उचलला की पुढच्या चाकांवरचे वजन निघून जाते, त्यांची पकड घटते, गाडी बाहेरच्या कडेकडे लोटली जाते, चालक चाक आणखी वळवितो, आणि ॲक्सिलरेटर देण्यासाठी त्यास थांबून राहावे लागते. आजोबा आणि नातू दोघांच्याही पायांत एकच खोड निघाली. आमच्या सौभाग्यवती फोनजवळून म्हणाल्या, "घराण्यातलाच दोष दिसतो."

आम्ही ब्रेक कोठे लागला एवढेच पाहत आलो होतो, कारण पट्टी वाचताना तेच विचारावयाची आम्हांस सवय होती. तो कसा सुटला हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. आणि ती रेघ पडद्यावर पहिल्या दिवसापासून आमच्या डोळ्यांसमोर होती.

यानंतर आम्ही दोघे जे शिकलो ते मागच्या रांगांतील तरुणांच्या उपयोगी पडेल म्हणून क्रमाने सांगतो. पुढच्या रांगांनीही ऐकण्यास हरकत नाही.

पहिली गोष्ट: दोन फेऱ्यांची तुलना वेळेच्या मापाने करू नये, अंतराच्या मापाने करावी. आलेखाच्या आडव्या अक्षावर सेकंद ठेवले तर दोन्ही गाड्या एकाच क्षणी निरनिराळ्या ठिकाणी असतात आणि तुलना फसते. मीटर ठेवले म्हणजे रस्त्याच्या त्याच ठिकाणी कोण काय करीत होते ते दिसते.

दुसरी गोष्ट: वेळेच्या फरकाची एक स्वतंत्र रेघ असते, ती प्रथम पाहावी. ती चढू लागली की त्या ठिकाणी वेळ जात आहे. परंतु कारण तेथे शोधू नये. थोडे मागे जाऊन शोधावे. नातवाच्या आलेखात सर्वांत अधिक वेळ सरळ रस्त्यावर जात होता. तेथे तर दोघांचेही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेले! कारण वळणात होते. मित्राला ॲक्सिलरेटर २५ मीटर आधी पूर्ण दाबता येई. हिशेब करून पाहा. एक किलोमीटर रस्ता ताशी सरासरी २०० ऐवजी २०४ किलोमीटरांनी कापला, तर १८ सेकंदांऐवजी सुमारे १७.६५ सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा सरळ रस्त्यावर मिळाला, पण तो कमावला वळणात. वळणातील १०० मीटर १३४ ऐवजी १४१ च्या वेगाने पार केले, तर आणखी आठवा हिस्सा. याउलट ब्रेक १० मीटर उशिरा लावण्याने, पुढचे सारे बिनचूक जमले तरच, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास लाभ होतो. शूरपणा सारा तेथे दाखविला जातो, आणि लाभ इतरत्र असतो.

तिसरी गोष्ट: वेगाच्या रेघेचा तळ पाहावा. तो सुईच्या टोकासारखा असेल, तर चालक वळणात घुसला, दचकला आणि निसटला. तो परातीसारखा पसरट व लांब असेल, तर गाडी वळणात रेंगाळली. चालक काहीच करीत नव्हता, नुसता थांबला होता. पाराबोलिकासारख्या उघडत जाणाऱ्या वळणात वेग एका ठिकाणी तळास टेकून लगेच सावकाश चढू लागला पाहिजे.

चौथी गोष्ट स्टिअरिंगची. ती रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसत असेल, तर हात सारखे चुका निस्तरीत आहेत. चाक अधिकाधिक वळते आहे आणि गाडी मात्र तितकी वळत नाही असे दिसले, तर पुढच्या टायरांचा पगार संपला आहे. आणखी वळवून काही मिळावयाचे नाही. ॲक्सिलरेटरची रेघ चढून पुन्हा खाली आली असेल, तर तो घाईने दिला गेला. दोनदा देण्यापेक्षा जरा उशिरा, पण एकदाच दिलेला बरा.

पाचवी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत कठीण: एका वेळी एकच बदल करावा. ब्रेकची जागा, सोडण्याची रीत, रस्त्यावरील ओळ आणि गाडीची रचना हे सारे एकदम बदलले, तर वेळ सुधारला तरी कशामुळे ते कळत नाही. एक बदल करावा, पाच-सहा फेऱ्या माराव्या, आणि सर्वांत जलद फेरीच तेवढी न पाहता साऱ्या फेऱ्या एकावर एक ठेवाव्या. रेघा एकमेकींवर बसू लागल्या म्हणजे हातापायांना ते अंगवळणी पडले असे समजावे. एखादी सुरेख फेरी दैवयोगानेही घडते.

नातवाने त्या पावसाळ्यात फक्त ब्रेक सोडण्याचा सराव केला. ब्रेकची जागा त्याने पूर्वीचीच ठेवली. आमचे १० मीटर त्याने परत केले, ते आम्ही निमूटपणे स्वीकारले. दिवाळीच्या सुमारास त्याचा वेग मध्यावर १३९ पर्यंत आला, आणि अर्ध्या सेकंदाचा फरक दोन दशांशांच्या आत आला. आमचा वेग ११८ वरून १२६ वर गेला. हा आकडा कोठेही नोंदविण्याजोगा नाही, परंतु आज सभागृहात सांगण्याचा मोह आवरला नाही.

आता शेवटची गोष्ट. दूरमापनाच्या कोणत्याही रेघेवर चालकाची नजर उमटत नाही. तो अपेक्सकडे पाहत होता की गाडीच्या नाकाकडे, आदल्या फेरीतील चुकीने बिचकला होता, की त्या रात्री त्याची झोप झाली नव्हती, हे तीत दिसावयाचे नाही. रेघ सांगते ते खरे असते, यात शंका नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी 'उशिरा लावतोस' म्हणालो तेही आकड्याने खरेच होते. परंतु ते कारण नव्हते. कारण चालकाला विचारावे लागते, आणि विचारणारा असा असावा लागतो की सांगणाऱ्यास सांगावेसे वाटेल. नातवाने आम्हांस दोन प्रश्न विचारले आणि आम्ही आपली खोड आपणहून सांगून टाकली. आम्ही त्यास इतके रविवार निकाल ऐकविले, आणि त्याने नोंदी पाठविणे बंद केले. दोघांच्या हाती रेघ तीच होती.

धुक्यातील त्या चालकाला आम्ही आज विचारले असते, "किती दूरचा सिग्नल दिसत होता? पुढच्या चालकाला आपण आधी काय कळवावे?" त्यातून कदाचित काही शिकता आले असते. तेव्हा विचारले नाही. तो कधीच निवृत्त झाला, आणि आम्हीही.

आता दर रविवारी पुण्याहून एक नोंद येथे येते आणि येथून एक नोंद पुण्यास जाते. फोनवर अर्धा-पाऊण तास वळणाची चर्चा होते. मग ब्रेकवरून विषय कॉलेजवर जातो, कॉलेजवरून त्याच्या मित्रांवर, आणि कधी कधी तो आपण होऊन असे काही सांगतो की जे 'अभ्यास कसा चालला आहे' या प्रश्नाला त्याने कधीच सांगितले नसते. आजीकडे फोन जाईपर्यंत पोळ्या गार होतात. त्याबद्दलची तक्रार त्या आपणांस सभेनंतर सांगतीलच.

मंडळाच्या पन्नास वर्षांत या व्यासपीठावरून साहित्य, संगीत, इतिहास अशा थोर विषयांवर विद्वानांनी व्याख्याने दिली. त्या मालेत हा चाक-पेडलांचा विषय बसवून घेतल्याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे ऋणी आहोत. पुढच्या शनिवारी दुपारी मंडळाच्या ग्रंथालयात आम्ही आमचे चाक घेऊन येणार आहोत. तरुणांनी आपल्या नोंदी आणाव्यात. ज्येष्ठांनी फक्त एक पथ्य पाळावे: पेन्सिल घरी ठेवून यावे.